आधी वाण्याचं बिल, मग मंदिराचे पत्रे

ताई, नमस्कार.

मी लालबागला राहते. आमच्या गल्लीतल्या विठ्ठल मंदिराच्या महिला भजनी मंडळात सासूबाईंबरोबर जाते, त्या मंडळाच्या प्रमुख आहेत. सभामंडपाचे पत्रे गंजलेत. पावसाळ्यात भजनाला बसलं की मध्ये बादल्या मांडाव्या लागतात. विश्वस्तांनी तीन लाखांचा खर्च सांगितलाय आणि तो मंडळाने खाद्यजत्रा भरवून उभा करावा असं ठरलंय. यंदा सगळं माझ्याकडे आलंय.

गेल्या वर्षीच्या जत्रेत ६२ हजार जमले. पण पदार्थ प्रत्येकीने घरून, स्वतःच्या पैशाने करून आणले होते. आमच्यातल्या एक बाई दोन घरी पोळ्या लाटायला जातात. त्यांनी शंभर पुरणपोळ्या आणल्या आणि त्यानंतर त्या भजनाला यायच्याच थांबल्या. मागाहून कळलं की डाळ, गूळ, तूप सगळं त्यांनी वाण्याकडून उधारीवर घेतलं होतं. यंदा जिला विचारावं तिला साबुदाणा वडाच करायचाय. त्यात मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकू म्हणतात, देवळाच्या आवारात रांधायचं तर सोवळ्यात, आणि नव्याने आलेल्या दोघींनी फक्त भांडी घासावीत. त्या दोघीच का, ते लिहायला हात धजत नाही. सासूबाई काही बोलत नाहीत. जत्रा माघातल्या सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याला ठेवायचं चाललंय. मी काय करू?

– एक सून, लालबाग

नमस्कार.

जत्रेचा कागद हातात घेण्याआधी एक काम करा, आणि ते याच आठवड्यात करा. त्या पोळीवाल्या बाईंचे पैसे द्या. शंभर पुरणपोळ्यांना तीनेक किलो हरभऱ्याची डाळ लागते, तेवढाच गूळ, अडीच किलो पीठ, वर तूप आणि घरचा गॅस. हजार-दीड हजार रुपये सहज झाले असतील. दोन घरच्या पोळ्यांवर ज्यांचा महिना चालतो त्यांच्यासाठी ही फार मोठी रक्कम आहे. पैसे मंडळाच्या खात्यातून द्या, व्हाउचर करून, सही घेऊन. तुम्ही तुमच्या पर्समधून दिलेत तर ती मदत होईल. हे त्यांचं येणं आहे, आणि ते येणं म्हणूनच त्यांच्या हातात पडायला हवं. सासूबाई प्रमुख आहेत, तर त्यांनीच जावं, तुम्ही सोबत असा. त्या दिवशी यंदाच्या जत्रेचा विषय काढू नका. त्या येतील किंवा येणार नाहीत, ते त्यांना ठरवू द्या.

हे आधी सांगतेय कारण तुमच्या सगळ्या अडचणींचं मूळ इथे आहे. गेल्या वर्षीचे ६२ हजार ही देवळाची कमाई नव्हती. त्यातला मोठा भाग बायकांच्या घरखर्चातून आला होता आणि कुठल्याही वहीत त्याची नोंद नाही. जिच्या घरी दोन पगार येतात तिने आणि जिच्या घरी उधारीवर महिना निघतो तिनेही सारखंच द्यायचं, तेही नाही म्हणायची सोय नसताना. देवाच्या कामाला कोण नाही म्हणेल? म्हणून जत्रा मांडणाऱ्यांनीच हा प्रश्न कुणासमोर येणार नाही अशी व्यवस्था करायची असते.

यंदाचा नियम एकच ठेवा: सामान मंडळ आणेल, बायका कष्ट देतील. विश्वस्तांकडून वीस-पंचवीस हजारांची उचल लेखी घ्या आणि जत्रेच्या रात्री गल्ला मोजला की सगळ्यात आधी ती परत करा. साबुदाणा, शेंगदाणे, गूळ मस्जिद बंदरहून घाऊक आणा. भाजी आणि मिरच्या-कोथिंबीर दादरला पहाटे स्वस्त मिळते. एखादीला स्वखुशीने दहा किलो गूळ द्यायचा असेल तर अवश्य घ्या, पण वस्तुरूपात देणगी म्हणून पावती फाडा. एकत्र खरेदीने भाव पडतो, चव एकसारखी राहते आणि कुणाचं तूप कसलं, कुणी डालडा वापरला, ही कुजबुज होत नाही.

आता तीन लाखांकडे वळू. स्पष्ट सांगते, एका संध्याकाळच्या खाण्यातून तीन लाख उभे राहणार नाहीत, आणि हे विश्वस्तांना आत्ताच, आकडे समोर ठेवून सांगायला हवं. एक किलो साबुदाणा, एक किलो बटाटा आणि पाव ते अर्धा किलो दाण्याचं कूट यात पन्नास ग्रॅमचे साठेक वडे होतात, म्हणजे दोन वड्यांच्या तीस प्लेट. तेल, मिरची, चटणी, द्रोण धरून एका प्लेटला पंधरा-वीस रुपये पडतील. तुमच्याकडचे भाव घालून हा हिशोब पुन्हा करा. प्लेट पन्नासला विकली तर तीस-पस्तीस उरतात. एक लाख निव्वळ हवे असतील तर तीन हजार प्लेट गेल्या पाहिजेत. एका मोठ्या कढईत वीस वडे एका वेळी टाकले तरी तासाला दोनशेच्या पुढे जाता येत नाही, म्हणजे शंभर प्लेट. पाच तासांत पाचशे. पुढचा हिशोब विश्वस्तांना स्वतःच करू द्या.

मग बाकीचे पैसे कुठून येणार? तुम्ही लालबागच्या आहात, उत्तर तुमच्या पायाशी आहे. फेब्रुवारी-मार्चला वर्षाच्या मसाल्याचा हंगाम लागतो. तुमच्याच भागातल्या मिरची-मसाल्याच्या दुकानांत आणि कांडपाच्या गिरण्यांवर अख्ख्या मुंबईतून बायका येतात. आता तुमच्या भागातून डोंबिवलीला, बदलापूरला, विरारला गेलेली कितीतरी कुटुंबं आहेत. त्यांना जुन्या चवीचा मसाला हवा असतो, पण नोकरी आणि लोकलच्या गर्दीत मिरच्या निवडून, भाजून, कांडून आणायला वेळ नसतो. मंडळातल्या जाणत्या बायकांनी प्रमाण ठरवावं. बेडगी किती, संकेश्वरी किती, लवंगी किती, धणे किती, हे तुमच्या सासूबाईंच्या पिढीला तोंडपाठ असेल. जत्रेत मसाल्याची चव द्यायची, ऑर्डर लिहून घ्यायची, निम्मे पैसे आगाऊ. तेच कुरडया, पापड, सांडग्यांचं. हे वाळवण मार्च-एप्रिलच्या उन्हात गच्चीवर होतं, तोवर आगाऊ पैशातून सामान येतं आणि कुणाच्याच पदरचे जात नाहीत. माझ्या मते यंदाच्या जत्रेचं खरं उत्पन्न वड्यापेक्षा या ऑर्डरच्या वहीत असेल.

राहिलेले पैसे देणगीतून. कंत्राटदाराकडून लेखी अंदाजपत्रक घ्या, एकूण पत्रे किती हे विचारा आणि एका पत्र्याला किती पडतात ते काढून फलकावर लिहा. ‘एक पत्रा माझ्याकडून’ म्हणणारे गल्लीतच सापडतील. दोघी-तिघी मिळूनही एक घेऊ शकतात. ज्यांना नाव नको त्यांना नावाशिवाय द्यायची मोकळीक ठेवा.

पदार्थ चारच ठेवा. सगळ्यांना वडा करायचाय हे मी समजू शकते. तो हमखास खपतो आणि करणाऱ्याचं कौतुकही होतं. म्हणून पदार्थ वाटून देऊ नका, कामं वाटा. कूट एकीने तोलून द्यायचं, वळायला चौघी, तळणीवर दोघी आणि दर तासाला त्या बदलायच्या, कारण कढईपुढे तासाच्या वर उभं राहणं प्रकृतीला झेपत नाही. गोळा वजनकाट्यावर तोला. कुणाचा वडा मोठा, कुणाचा लहान झाला की रांगेतच कुरबुर सुरू होते. वड्याखेरीज तुमच्याकडे मोठं धन आहे. गिरणगावात कोकणातल्याही बायका आहेत आणि घाटावरच्याही. आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबार, पिठलं-भाकरी आणि ठेचा, ही जोडी मुंबईतल्या कुठल्या मॉलमध्ये मिळते? चौथं कोकम सरबत. पुरणपोळी स्टॉलवर ठेवू नका, ती फक्त आगाऊ ऑर्डरवर द्या आणि मंदिराच्या स्वयंपाकघरात सगळ्यांनी मिळून लाटा. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, रात्री मुलं झोपल्यावर, एकट्या बाईने शंभर पोळ्या लाटायच्या, हे पुन्हा कुणाच्या वाट्याला यायला नको.

दिवस बदला. काल्याच्या दिवशी जत्रा नको. त्या दिवशी महाप्रसाद असतो, दारात येईल त्याच्या पानात पडतो. त्याच मांडवात चार पावलांवर पन्नास रुपयांची प्लेट विकायची, हे मला मनापासून पटत नाही. व्यवहारालाही ते बरं नाही, कारण पोटभर जेवलेला माणूस वडा घेणार नाही. त्यानंतरचा रविवार धरा, संध्याकाळी चार ते नऊ. बाहेरगावी गेलेली माणसं लोकलने येणार आणि रविवारचा मेगाब्लॉक बहुतेकदा दुपारीच संपतो, पण त्या आठवड्याचं वेळापत्रक पाहून मगच वेळ छापा. पंचांगही पाहा. एकादशी किंवा संकष्टी आली तर उपासाची कढई आणि तेल वेगळं लागेल. जिरं-कोथिंबीर काही घरांत उपासाला चालत नाही, तर वड्यात काय घातलंय ते पाटीवर लिहा. शेंगदाण्याचा त्रास असणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होतो.

आता काकू. तुम्ही जे लिहायचं टाळलंत ते मी लिहिते: त्या दोघींना त्यांच्या जातीमुळे भांड्यांपाशी बसवलं जातंय. ही देवळाची रीत म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. संविधानाच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता संपवली आहे आणि १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने ती पाळणं गुन्हा ठरवलं आहे. पण काकूंशी बोलताना कायद्यापासून सुरुवात करू नका. वारकरी म्हणून बोला, कारण त्यांचं आयुष्य त्या वाटेवर गेलंय आणि त्यांच्याच वाटेवरचं उत्तर त्यांना ऐकू येईल.

काल्याच्या कीर्तनानंतर काय होतं ते त्यांना आठवून द्या. घराघरांतून आलेलं दही, पोहे, लाह्या, लोणचं एका भांड्यात कालवलं जातं आणि एकमेकांच्या हातून खाल्लं जातं. कुणाच्या घरचं काय, हे कुणी विचारत नाही. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारापाशी आहे, नामदेव पायरीसमोर. ज्यांना हयातभर आत येऊ दिलं नाही, त्यांना आज प्रत्येक वारकरी आत जाण्याआधी नमस्कार करतो. १९४७ साली साने गुरुजींनी तेच मंदिर हरिजनांना, म्हणजे आज आपण ज्यांना दलित म्हणतो त्यांना, खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केलं. काकूंच्या आईच्या पिढीतल्या बायकांनी ते दिवस पाहिलेत. त्यांच्या घरात तेव्हा काय बोललं गेलं, ते विचारा आणि ऐका. ऐकून घेतलं की माणूस बऱ्याचदा पुढे येतो.

हे बोलणं बैठकीत करू नका. चारचौघांत काकूंना हटणं अवघड जाईल. दुपारी त्यांच्या घरी जा, सासूबाईंना घेऊन. सासूबाई गप्प आहेत याचा अर्थ त्या काकूंच्या बाजूच्या आहेत असा धरू नका. चाळीस-पन्नास वर्षांची मैत्री मोडायची भीती असेल. म्हणून मुद्दा तुम्ही मांडा. असं म्हणून पाहा: “काकू, गाभाऱ्यातला नैवेद्य तुमच्या रीतीने होऊ दे, त्यात मी हात घालत नाही. पण मांडवातला वडा आपण पैसे घेऊन विकणार आहोत. तिथे नियम स्वच्छतेचा. केस बांधलेले, नखं कापलेली, ताप-खोकला-जुलाब असेल तर घरी. हा नियम मला लागू आहे, तुम्हाला आहे आणि त्या दोघींनाही आहे.” नैवेद्याच्या रीतीबद्दल माझं मत वेगळं आहे, पण तो वाद या महिन्यात उघडलात तर पत्रे पुढच्या पावसाळ्यावर जातील. दोघींच्या कामावर मात्र तडजोड करू नका. त्या तळणीवर किंवा पोळपाटावर असतील आणि भांडी घासायची पाळी सगळ्यांची असेल, तुमचीसुद्धा. काकू तरीही नाही म्हणाल्या तर जत्रा त्यांच्याविना करा, पण त्यांच्याविषयी मागे वाईट बोलू नका आणि प्लेट त्यांच्या घरी पाठवा. त्या दोघींना आधी विचारायलाही विसरू नका. आपल्यावरून काय चाललंय हे त्यांना नक्की कळलंय. त्यांना काय करायला आवडेल, हे बहुधा कुणी विचारलेलं नाही.

कागदपत्रं थोडक्यात. अन्न सुरक्षा कायद्याच्या नियमांत तात्पुरता स्टॉल लावणारे आणि धार्मिक समारंभात अन्न वाटणारेही छोटे अन्न व्यावसायिक धरले जातात. त्यांना एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, साधी नोंदणी लागते, ती त्यांच्या फॉसकॉस या पोर्टलवर होते. मसाल्याची पाकिटं विकायची तर त्यावर घटक, तारीख आणि नोंदणी क्रमांक हवा. मांडव रस्त्यावर येणार असेल तर पालिकेच्या वॉर्ड ऑफिसची परवानगी. घरचा लाल सिलिंडर अशा कामाला वापरायला मनाई आहे. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर केटररमार्फत घ्या, कढई मांडवाच्या कापडापासून लांब ठेवा आणि अग्निशामक नळकांडं जवळ असू द्या. थर्माकोल आणि प्लास्टिकच्या डिशवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. पत्रावळी, द्रोण आणि सुपारीच्या पानांच्या प्लेट घ्या. ओल्या नारळाची चटणी मुंबईच्या हवेत दोन तासांत उतरू लागते, तेव्हा ती थोडी थोडी वाटा किंवा दाण्याची सुकी चटणी ठेवा.

पैशांचं पुन्हा एकदा. सगळ्या प्लेट पन्नासच्या, सरबत वीसला, म्हणजे दोनच रंगांची कुपनं लागतील. कुपनांवर क्रमांक आणि मंदिराचा शिक्का हवा. पैसे एकाच टेबलावर, स्टॉलवर कुणीही रोख घ्यायची नाही. क्यूआर कोड मंदिराच्या न्यासाच्या खात्याचा, कुणा कार्यकर्त्याच्या मोबाइलचा नको, माणूस कितीही सचोटीचा असला तरी. मंडळाची स्वतंत्र नोंदणी नसेल तर एकही रुपया मंडळाच्या नावाने गोळा करू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात अशा वर्गणीला आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावं लागतं. न्यासाच्या पावतीवर घेतलेलं बरं. खाल्लेल्या प्लेटची देणगी पावती देता येत नाही, कुणी आग्रह धरला तरी. पत्र्याची देणगी देणाऱ्याला आयकराची सवलत हवी असेल तर न्यासाकडे ती मान्यता आहे का ते आधी विचारा, आणि दोन हजारांवरची रक्कम रोखीने घेऊ नका, कारण त्यावर ती सवलत मिळत नाही.

रात्री गल्ला दोघींनी मोजायचा, एक विश्वस्तांकडून आणि एक मंडळाकडून, सगळ्यांसमोर. विकलेली कुपनं आणि रक्कम जुळवा, उचल परत करा, उरलेली बिलं तिथेच फेडा. आठ दिवसांत हिशोबाचा कागद मंदिराच्या फलकावर लागला पाहिजे: सामानाला किती गेले, कुपनांचे किती आले, ऑर्डरचे आगाऊ किती, आणि ज्यांनी वस्तू दिल्या त्यांच्या वस्तू. विश्वस्तांपैकी कुणाला हे आवडणार नाही असं वाटत असेल तर हा मुद्दा पहिल्याच बैठकीत ठराव करून घ्या, नंतर मागितलंत तर तो संशय वाटतो.

ती बैठक संक्रांतीच्या आठवड्यात घ्या. हळदीकुंकवाला सगळ्या येतातच, त्यांना पुन्हा वेगळं बोलवावं लागणार नाही. मसाल्याचं प्रमाण त्याच दिवशी ठरलं तर छोटा घाणा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कांडून होईल आणि जत्रेत चवीला ठेवता येईल.